वरच्या मजल्यावरचा विरोधी पक्ष

“अहो, मागे घ्या! मागे घ्या म्हणतोय ना! पुढचं चाक पट्ट्यावर चढलंय!”

भर दुपारी, दांडेकर पुलाच्या चौकात, माझ्याच स्कूटरच्या मागच्या सीटवरून, माझ्याच कानात एक लोकप्रतिनिधी ओरडत होता. मागे म्हणजे कुठे घेणार? मागे सिटी बस, बसच्या मागे रिक्षा, रिक्षेच्या मागे सॉफ्टवेअर कंपनीची पोरं कोंबलेली जीप, आणि सगळे एका सुरात भोंगे वाजवत होते. कारण चौक मोकळा होता, पोलीस पानाच्या टपरीवर होता, आणि लाल दिवा तोडायला याहून चांगला मुहूर्त पंचांगात सापडला नसता. बसच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, “काका, गाडी बंद पडलीये का डोकं?” मागच्या सीटवरून लगेच उत्तर गेलं, “दिवा लाल आहे. तुम्हाला रंग दिसत नसतील तर तुमचं लायसन्स कुणी दिलं तेवढं सांगा, अधिवेशनात विचारतो.”

पुण्यात लाल दिव्याला स्वखुशीने थांबलेला पहिला आणि बहुधा शेवटचा माणूस म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे हे आमदार. बाकीचं शहर थांबलं ते पोलीस दिसला म्हणून, पेट्रोल संपलं म्हणून, नाहीतर ओळखीचा माणूस भेटला म्हणून. हे मात्र नियम आहे म्हणून थांबत, आणि थांबल्या थांबल्या त्या नियमाला मनसोक्त शिव्या देत. माझं दुकान टायरचं, तळमजल्यावर. त्यांना स्वतःला कुठलंच वाहन चालवता येत नसे. तरुणपणी लायसन्सची परीक्षा द्यायला गेले होते, तिथे परीक्षा घेणाऱ्याच्याच चुका काढत बसले, म्हणून नापास झाले असं वहिनी सांगत. आमदारांच्या मते नापास परीक्षक झाला होता. सरकारी गाडी त्यांनी मागितली नाही, पक्षाची परत पाठवली, आणि माझी स्कूटर मात्र जन्मसिद्ध हक्काने वापरली. मी त्यांना कधी मत दिलं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पेट्रोल मात्र मी आयुष्यभर त्यांनाच दिलं.

ते विरोधी पक्षातून निवडून यायचे, असं म्हणणं बरोबर नाही. ते ज्या बाकावर बसत तो विरोधी पक्ष व्हायचा. मध्ये एकदा काय चमत्कार झाला, त्यांचाच पक्ष सत्तेवर आला. पेढे वाटायला खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा असा, की जणू घरात कुणाला दवाखान्यात हलवलंय. पहिल्याच अधिवेशनात त्यांनी आपल्याच मंत्र्याला असं फैलावर घेतलं की समोरच्या बाकांनी उठून टाळ्या वाजवल्या. पुढच्या निवडणुकीत सरकार पडलं आणि त्यांच्या गालांवर पुन्हा लाली आली. घरातही तोच कारभार. वहिनींनी भेंडी केली की गवारीवर अन्याय का, गवार केली की आधी घरातल्या सदस्यांना विश्वासात का घेतलं नाही. वहिनी जराही आवाज न चढवता म्हणायच्या, “सभात्याग करा. ताट झाकून ठेवते.”

हेल्मेटसक्ती आली तेव्हा सगळं पुणं पेटलं. या शहराने पूर सोसला, प्लेग सोसला, पण डोक्यावर कुणी काही घाला म्हटलेलं सोसलं नाही. विरोधाचा मोर्चा निघाला, दुचाक्यांचा, अफाट. आणि सगळ्यात पुढे, माझ्या स्कूटरवर, आमदार. डोक्यावर हेल्मेट. ते सुद्धा साधंसुधं नाही, चांगलं हनुवटीपर्यंत बंद होणारं. आतून दिलेल्या घोषणा बाहेर येईपर्यंत विहिरीतून हाक मारल्यासारख्या वाटत. पक्षाचे शहराध्यक्ष धावत आले. “अहो, काढा ते! फोटोत कसं दिसतं! आपण हेल्मेटच्या विरोधात आहोत ना?”

काच वर झाली. “विरोधात आहोत. पण कायदा रद्द झालाय का?”

“तो रद्द करायलाच तर चाललोय!”

“मग रद्द झाला की काढतो,” म्हणाले, आणि काच खाली.

पुढच्या चौकात पोलिसांनी अख्खा मोर्चा बाजूला घेतला आणि बिनहेल्मेटचे म्हणून एकूण एकाला दंड केला. सुटलो आम्ही दोघेच, कारण माझ्याही डोक्यावर त्यांनी एक चढवलं होतं. पक्षात त्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली की हा माणूस पोलिसांना फितूर आहे. त्यांनी ती मनावर घेतली नाही. मला म्हणाले, “पाळणाऱ्यालाच बोंबलायचा अधिकार असतो. न पाळणाऱ्याला नियम चांगला की वाईट हे कळणार कुठून? त्याने तो चाखलेलाच नसतो.”

पायी चालतानाही तीच तऱ्हा. रस्ता ओलांडायचा तो पांढऱ्या पट्ट्यांवरूनच, आणि गाड्या आपण होऊन थांबल्यावरच. आता पुण्यात पट्ट्यांसमोर गाड्या आपण होऊन थांबतील, ही अपेक्षा म्हणजे मुठेने उलटं सिंहगडाकडे वाहत जावं, अशी अपेक्षा. ते हात वर करून कडेला उभे राहत. सकाळी भाजीला निघालेल्या बायकांनी त्यांना बघितलं, की परत येताना ते तिथेच दिसत. समोरचा अमृततुल्यवाला पोराबरोबर त्यांचा चहा अलीकडेच पाठवून देई. एकदा तर पलीकडच्या बँकेच्या मॅनेजरने त्यांचं काम घेऊन अलीकडे यायचं कबूल केलं. तो आला, काम झालं, आणि परत जायला त्याला वेळ लागला, कारण यांनी त्याचा दंड धरून ठेवला. “थांबतील. थांबतील. शिकवावं लागतं.”

प्रचाराची एक मिरवणूक तर मी विसरणारच नाही. मधला रस्ता नुकताच एकेरी झालेला. त्या निर्णयाविरुद्ध यांनी व्यापाऱ्यांबरोबर उपोषण केलेलं. पण मिरवणूक त्या रस्त्याच्या तोंडाशी आली, आणि आमदार फलकाकडे बघून म्हणाले, “वळसा.” ढोलताशे, कार्यकर्ते, फटाक्यांच्या माळा, सगळं वळशाने निघालं. सभेच्या मैदानावर पोचेपर्यंत गर्दी कंटाळून घरी गेली होती आणि मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. त्यांनी मांडववाल्यांपुढे संपूर्ण भाषण केलं. मधे उठता येईना, कारण खुर्च्या त्यांच्याच होत्या. आणि तरीही माणूस निवडून आला! पुण्यात असं होतं. इथे लोक नियम पाळत नाहीत, पण पाळणाऱ्याचा हट्ट त्यांना मनातून फार आवडतो.

या सगळ्यामागे त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते माझ्या दुकानात, टायरच्या चळतीवर बसून, कुणालाही ऐकवत. “सिग्नल म्हणजे काय? रांग. नोकरभरती म्हणजे काय? तीही रांगच. दिवा हिरवा होतो तेव्हा सगळ्यात मागे कोण पडलेलं असतं? जो थांबला तो. न थांबलेला केव्हाच पुढे जाऊन चहा पीत असतो. ज्या गावात थांबलेला माणूस मूर्ख ठरतो, त्या गावात सरळ माणसाला नोकरी लागेल कशी?” आमच्याच इमारतीतला एक पोरगा तेव्हा नवा नवा आयटीत लागला होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून झोपायचासुद्धा. तो हसून म्हणाला, “काका, गव्हर्नमेंट जॉब हवाय कुणाला आता? प्रायव्हेटमध्ये पॅकेजेस बघा ना!”

“तुला नकोय ना? छान. पण ज्याला नुसती गाडी चालवता येते, त्याला तुझी कंपनी फाटकाच्या आत घेते का, ते विचारून ये. घेत असेल तर मी भरतीचा विषय सोडतो.”

पोरगा विचारून आला नाही. आणि विषय सुटला नाही तो रफिकमुळे.

रफिक म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. कात्रजवरून दुधाचा टेम्पो घेऊन शहरभर फिरायचा. आजोबांचा टांगा होता, वडील ट्रकवर होते, म्हणजे पुण्याच्या रस्त्यांवर यांच्या घराण्याचं राज्य टांग्यापासूनचं. त्याच्या टायरची झीज मी लोकांना दाखवायला ठेवावी इतकी सारखी. ब्रेक करकचून मारणं त्याला माहीतच नव्हतं. टेम्पो मात्र मालकाचा. आणि मालकाची वाघोलीची जमीन अशी सोन्याची झालेली की दूध, टेम्पो सगळं विकून तो बिल्डर व्हायला निघालेला. म्हणून रफिकने एका सरकारी खात्यात चालकाच्या जागेसाठी अर्ज केला. खात्याचं नाव सांगत नाही, मला अजून त्यांच्याकडे कामं पडतात. वयाच्या अटीत बसणारी त्याची ही शेवटची भरती होती.

एके सकाळी तो दुकानात आला. टेम्पो जॅकवर चढवला आणि सहज सांगावं तसं म्हणाला, “नापास केलं.”

टायरच्या चळतीवर बसलेले आमदार चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “का?”

“वेळेत पोचलो नाही. धायरीच्या माळावरून शहरातल्या कचेरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, ठरलेल्या वेळेत. मी सिग्नलना थांबलो.”

“सगळ्या?”

“लाल होते तेवढ्या.”

“आणि पास कोण झाले?”

“जे थांबले नाहीत. एकजण तर एकेरी रस्त्यात उलटा घुसून आला. सगळ्यात आधी पोचला. शेजारी बसलेल्या परीक्षकाने त्याची पाठ थोपटली.”

मला वाटलं आता दुकानाचं छप्पर उडणार. पण आमदार इतके खूश झालेले मी तोवर पाहिले नव्हते. आयुष्यभर उराशी धरलेला सिद्धांत एखाद्याच्या समोर आपल्या पायांनी चालत यावा आणि त्याने पंक्चर काढून मागावं, तसं झालं. नियम पाळणारा ड्रायव्हर, नियम पाळला म्हणून, ड्रायव्हरच्या परीक्षेत नापास! त्यांनी रफिकचे दोन्ही हात धरले. “तुम्ही एकटेच?” रफिक म्हणाला, “नाही. बरेच आहेत. पुष्कळ तर बाहेरगावची पोरं, विदर्भातली वगैरे. त्यांना वाटलं, पुण्यात सिग्नलना थांबायचं असतं.”

आता ती वेळ ठरवली कशी, हा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याच दुकानात निघालं, कारण त्या खात्याच्या साहेबांचा चालकही टायर माझ्याकडेच बदलतो. साहेबांनी स्वतः गाडीत बसून, हातात घड्याळ धरून, ते अंतर एकदा कापलं होतं आणि तीच वेळ सगळ्यांना लावली होती. अगदी शास्त्रशुद्ध काम. फक्त साहेबांच्या गाडीच्या टपावर लाल दिवा फिरत होता, आणि पोलीस तिला सलाम ठोकून चौक मोकळे करून देत होते, एवढं एक कुणाच्या लक्षात आलं नाही. साहेबांच्याही नाही. रस्ता कायम मोकळाच असतो, असंच त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं.

आमदारांनी अधिवेशनात प्रश्न टाकला: वेळ ठरवणाऱ्या गाडीवर लाल दिवा होता, हे खरे आहे काय? छापील उत्तर आलं: हे खरे नाही. असल्यास, कोणती कारवाई केली? उत्तर: प्रश्न उद्भवत नाही. हे वाचून दुसरा माणूस गप्प बसला असता. हे हेल्मेट घालून साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि उठेचनात. म्हणाले, “उद्भवलाय. तुमच्यासमोर बसलाय. त्याच रस्त्याने, दिव्याशिवाय, सगळे नियम पाळून एकदा जाऊन या. वेळेत पोचलात तर भर चौकात तुमची माफी मागतो.”

साहेब वाईट माणूस नव्हता. निवृत्तीला आलेला, दमलेला. “चला,” म्हणाला, “पण तेवढी माझी केबिन मोकळी करा.”

मग ती ऐतिहासिक सफर निघाली. धायरीच्या माळावरून खात्याची जीप, चालवायला रफिक, शेजारी साहेब, मागे आमदार आणि, इतिहासाला साक्षीदार लागतो म्हणून, मी. कचेरीला जाऊन परत फिरलो तेव्हाच साहेबांच्या घड्याळाने चेहरा पाडला होता. सिंहगड रस्त्यावर तर दर चौकात दिवा असा लाल होई की जणू आमदारांनी आधीच सांगून ठेवलंय. तेवढ्यात साहेबांचा मोबाइल वाजला. तेव्हा मोबाइल नवे होते आणि विटेएवढे होते. साहेबांनी ती वीट कानाला लावली आणि एकदम ताठ बसले. वरून बोलावणं होतं, बैठकीचं, लगेच. समोर लाल दिवा, चौकात चिटपाखरू नाही. साहेब ओरडले, “घ्या हो! घ्या पुढे! मोकळं आहे सगळं! कोण बघतंय?”

रफिकने मान वळवली आणि अदबीने म्हणाला, “तुम्हीच बघताय ना, साहेब. नापास कराल.”

दिवा हिरवा होईपर्यंत साहेब खिडकीबाहेर उसाच्या गुऱ्हाळाकडे बघत राहिले. आमदार जिंकल्यावर गप्प बसतात, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर तसा प्रसंगच आला नव्हता.

माळावर पोचलो ते अर्थातच उशिरा. रफिक जीपची काच पुसायला लागला. साहेबांनी आमदारांना बाभळीखाली बाजूला घेतलं. मीही योगायोगाने त्याच बाभळीखाली सावली शोधली.

“चाचणी परत घेता येणार नाही,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “निकाल वर गेलाय. पण एक उमेदवार रुजू झालेला नाही. ती जागा आहे. तुम्ही फक्त हो म्हणा, याला घेतो. फार चांगली गाडी चालवतो हा.”

“आणि बाकीचे? जे थांबले म्हणून राहिले?”

“ते माझ्या गाडीत बसले नव्हते, आमदारसाहेब.”

“मग नको. एकाला मागल्या दाराने आत घेतलं की रांग मोडणारा मीच झालो. बोलवायचं तर सगळ्यांना बोलवा. नाहीतर सभागृहात भेटू.”

“याचं वय निघून जाईल. विचार करा.”

“केला.”

साहेब खांदे उडवून गेले. मी मात्र उसळलो. “अहो, भाकरी त्याची, नाही म्हणणारे तुम्ही कोण? त्याला विचारा तरी!” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू माझंही चाक पट्ट्यावर चढलंय. “न्याय विचारून करत नसतात,” म्हणाले.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. ते सभागृहात भेटले. अधिवेशनामागून अधिवेशन भेटले. पायऱ्यांवर बसले, बाकावर उभे राहिले, मार्शलांनी उचलून नेलं तेव्हा त्यांना म्हणाले, “डाव्या बाजूने चला.” अखेर वेळेची अट गेली आणि राहिलेल्यांना परत बोलावणं आलं. पुष्कळ पोरं लागली. विदर्भातली बरीच. तोवर रफिकचं वय उलटून गेलं होतं. आमदारांनी मग वयाच्या अटीवर रान उठवलं, ते उठवता उठवता पक्षाने तिकीट कापलं, अपक्ष उभे राहिले ते पडले. वहिनी म्हणाल्या, “आता काय घरातच अधिवेशन.” पुढे मुलीने त्यांना वाघोलीला नेलं. वरच्या मजल्यावर आता ओळखपत्रवाली मंडळी राहतात, आणि जिन्यात भेटली तर हाय म्हणतात. चौकात लाल दिव्याला मी अजून थांबतो. मागून भोंगे वाजतात. कानात मात्र कुणी ओरडत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे डाव्या कानाने जरा कमीच ऐकू येतं.

पण ती संध्याकाळ सांगायची राहिली. धायरीहून रफिक संध्याकाळच्या दुधासाठी आधीच निघून गेला होता. मी स्कूटरला किक मारली आणि सवयीने घराकडे वळवणार, तर मागून आवाज आला, “कात्रजला घ्या.” वाटेत एका वळणावर मी हात दाखवायला विसरलो. मागच्या सीटवरून ओरडा आला नाही.

रफिक टेम्पोत दुधाचे क्रेट चढवत होता. आमदार त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. हा माणूस मुंबईला बोलला तर पुण्यात ऐकू यायचा. त्या दिवशी मला शेजारी उभं राहून कान द्यावा लागला. त्यांनी काहीही लपवलं नाही. साहेबांनी एक जागा देऊ केली होती, म्हणाले. तुम्हाला. मी नको म्हटलं. बाकीच्यांचं काय, म्हणून नको म्हटलं. मग नेहमीसारखं भाषण सुरू केलं, पुढच्या अधिवेशनात, अट रद्द झाल्याशिवाय, आणि ते मधेच कुठेतरी थांबलं. रफिकने हातातला क्रेट चढवला, त्यावर दुसरा ठेवला, फळी लावली, कडी घातली, ती लागली की नाही ते हलवून पाहिलं.

“नाहीच म्हणायचं होतं, साहेब,” तो म्हणाला, “तर ते मी म्हटलं असतं.”